विश्लेषण : दुष्काळाशी लढणाऱ्या राजाचे धरण आता महापुराच्या काळात… राजर्षी शाहूंच्या पाणीधोरणाचा आजच्या हवामान बदलाशी संबंध काय?

जुलै उजाडला की कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दोनच आकडे फिरत असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट झाली आणि राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. हा बंधारा कसबा बावड्याजवळ आहे. याच कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. ज्या राधानगरीच्या दरवाजांकडे सारा जिल्हा डोळे लावून बसतो, ते धरणही त्यांनीच हाती घेतलेले. फरक इतकाच, की त्यांनी ते पुराच्या नव्हे तर दुष्काळाच्या भीतीने बांधायला घेतले होते.

शाहूंची ओळख महाराष्ट्राला आरक्षण, वसतिगृहे आणि वेदोक्त प्रकरण यांमुळे आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र बदलत्या पावसाशी समाजाने कसे जुळवून घ्यायचे, हा प्रश्न जगभर ऐरणीवर असताना त्यांच्या चरित्रातील पाण्याचे प्रकरण पुन्हा उघडून पाहण्यासारखे आहे.

कागलचा मुलगा गादीवर कसा आला?

मूळ नाव यशवंतराव. वडील कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई मुधोळच्या घराण्यातील. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक वारल्यानंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले. तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. पुढे राजकोटचे राजकुमार कॉलेज, मग धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विशी ओलांडण्याआधीच, राज्याची सूत्रे हाती आली.

ज्या दशकात ते गादीवर आले, ते पावसाच्या दृष्टीने देशाच्या इतिहासातील सर्वांत वाईट दशकांपैकी एक ठरायचे होते. त्याची चाहूल तेव्हा कुणालाच नव्हती.

दोन दुष्काळ आणि प्लेग… तरुण राजाने काय केले?

१८९६-९७ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. त्यातून सावरतोय तोवर प्लेग आला, आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. हाच तो गुजरात-राजस्थानात छप्पनिया नावाने आजही आठवला जाणारा दुष्काळ. आज हवामानशास्त्रज्ञ १८९९ कडे एल निनोचे वर्ष म्हणून पाहतात. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले की भारतातील मोसमी पाऊस अनेकदा कमजोर पडतो. १८७६-७८ च्या दख्खनच्या महादुष्काळामागेही हेच कारण होते. शाहू तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते.

ब्रिटिश मुलखात दुष्काळासाठी संहिता होती. दुष्काळ जाहीर कधी करायचा, मजुरी किती द्यायची, सारे कागदावर. शाहूंचे काम अधिक मोकळे आणि जमिनीवरचे होते. बाहेरून धान्य आणून ते स्वस्त दराच्या दुकानांतून विकण्याची व्यवस्था केली. व्यापाऱ्यांना दमात घेतले, तसे त्यांचे सहकार्यही मिळवले. रस्ते, विहिरी, तलाव यांची कामे काढून हाताला काम दिले. ज्यांच्याच्याने काम होत नाही, अशा वृद्ध-अपंगांसाठी निराधार आश्रम उघडले. शेतकऱ्यांना तगाई दिली, सारावसुलीत सवलत दिली. जनावरांसाठी संस्थानची राखीव जंगले चराईला खुली केली.

यातली एक गोष्ट आजच्या वाचकाला थांबवते. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांच्या लहान मुलांना सांभाळण्यासाठी त्यांनी शिशुगृहे सुरू केली. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर असावे, हे कायद्यात लिहायला स्वतंत्र भारताला पुढे कित्येक दशके लागली. आपत्तीत सर्वांत आधी भरडले जातात ते बायका, मुले आणि भूमिहीन, हे आज हवामान परिषदांत वारंवार सांगितले जाते. पंचविशीतल्या या राजाला ते कामाच्या जागी उभे राहून दिसले होते.

१९०२ : मदतीकडून धोरणाकडे

दुष्काळ सरला की विसरायचा, ही सरकारांची जुनी सवय. शाहूंनी ती मोडली. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानचे पाटबंधारे धोरण आखले, त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला आणि राज्यातील विहिरी व तलावांची पाहणी करायला लावली. कुठे जुना तलाव गाळाने भरलाय, कुठे नवा होऊ शकतो, कुठल्या विहिरीला पाणी टिकते, याची नोंद झाल्याशिवाय पैसा कुठे घालायचा हे कळणार नव्हते. आजच्या भाषेत याला जोखमीचे मूल्यमापन म्हणतात.

त्याच वर्षी ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. तिथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा जाहीरनामा निघाला. पाटबंधारे धोरण आणि आरक्षण एकाच वर्षातले, ही बाब सहसा कुणी जोडून पाहत नाही.

धरण नेमके राधानगरीतच का?

याचे उत्तर कोल्हापूरच्या भूगोलात आहे. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर हा सह्याद्रीचा माथा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत पूर्वेला शिरोळ तालुका, जिथे त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा पडतो. एका टोकाला पावसाने भिंती पडतात आणि दुसऱ्या टोकाला पेरणी रखडते. पश्चिमेचे पाणी चार महिन्यांत भोगावतीतून पंचगंगेत, तिथून नृसिंहवाडीला कृष्णेत आणि पुढे निघून जायचे. ते डोंगरातच अडवले तर उन्हाळ्यात नदीतून सोडता येईल आणि खालच्या गावांना उपसून घेता येईल, अशी ही कल्पना होती.

दाजीपूरचे जंगल म्हणजे छत्रपतींचे शिकारीचे रान. तिथली दरी, नाळ, खिंड शाहूंच्या पायाखालची होती. फेजिवडे गावाजवळ भोगावती दोन डोंगरांच्या मधून वाट काढते, ती जागा निवडली गेली. १९०७ मध्ये योजना जाहीर झाली आणि पुढच्या दोन वर्षांत काम सुरू झाले. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. जवळ वसवलेल्या गावाला मुलगी राधाबाई ऊर्फ अक्कासाहेबांचे नाव मिळाले, तेच राधानगरी. आज धरणही त्याच नावाने ओळखले जाते आणि तलावाचे मूळ नाव फारसे कुणाच्या तोंडी नाही.

तो काळ जगभर मोठ्या धरणांचा आरंभकाळ होता. इजिप्तमध्ये नाईलवरचे जुने आस्वान धरण १९०२ मध्ये पूर्ण झाले होते. म्हैसूरचे कृष्णराजसागर १९११ मध्ये सुरू झाले आणि नगर जिल्ह्यातील भंडारदराही त्याच सुमारास. मात्र त्यांच्यामागे साम्राज्याची किंवा म्हैसूरसारख्या बड्या संस्थानाची तिजोरी होती. कोल्हापूरची लोकसंख्या १९०१ मध्ये ९ लाखांच्या आसपास. एवढ्या लहान संस्थानाने असा घाट घालणे हे धाडसच होते, आणि त्याची किंमत पुढे दिसली.

मग काम थांबले का?

पैसा संपला. पहिल्या महायुद्धाने किमती वाढवल्या होत्या. १९१८ मध्ये मोसमी पावसाने देशभर ओढ दिली आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाने थैमान घातले. तोवर धरणाची भिंत सुमारे ४० फूट वर आली होती आणि सुमारे १४ लाख रुपये खर्ची पडले होते. तिथेच काम थबकले. अर्धवट भिंतीमागेही काही पाणी साठू लागले, पण मनातले धरण ते नव्हते.

शाहूंनी ते पूर्ण झालेले पाहिले नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, वयाची ४८ वर्षेही पुरी नव्हती. पुत्र राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये, काम पुन्हा सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात ते मार्गी लागले. कल्पनेपासून पूर्णत्वापर्यंत अर्धे शतक गेले. हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांचे हेच दुखणे आहे. ती एका कारकिर्दीत संपत नाहीत आणि त्यांचे श्रेय घ्यायला सुरू करणारा बहुधा उरत नाही.

पाणी आले, पण ते कोणाचे?

हा प्रश्न शाहूंनी टाळला नाही. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहूंनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथला चहा घेऊ लागले. राजा जिथे चहा पितो तिथे बाकीच्यांना नाक मुरडणे अवघड होते. १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे आदेश निघाले. पुढच्याच वर्षी माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले. धरणाने पाणी वाढवता येते, पण वाटप सुधारत नाही, ही जाण या दोन कामांना जोडते.

मग आता अडचण काय झाली?

राधानगरीने कोल्हापूरचे रूप पालटले हे खरे. भोगावती-पंचगंगेच्या काठी बारमाही पाणी आले, उपसा योजना झाल्या, ऊस उभा राहिला. नदीवर जागोजाग बंधारे झाले. पावसाळ्याआधी बर्गे काढायचे आणि पावसाळा संपला की पुन्हा बसवायचे, ही पद्धत कोल्हापूर पद्धतीचा बंधारा या नावाने राज्यभर गेली.

पण पावसाचा स्वभाव बदलतो आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवते. मग पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही.

कोल्हापूरने हे २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये अंगावर घेतले. शेवटच्या दोन पुरांत राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ५५ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोका पातळीपेक्षा बारा फुटांहून अधिक. पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. शिरोळ तालुक्यातील गावे, ज्यांच्यासाठी पाणी साठवायचे होते, तीच बेटे झाली.

इथे राधानगरीचा जुना हेतू नव्या गरजेशी भिडतो. दुष्काळासाठीचे धरण शक्य तितके भरलेले हवे. पुरासाठीचे धरण ऐन पावसात काही प्रमाणात रिकामे हवे. राधानगरीची साठवण क्षमता आहे ८.३६ टीएमसी. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग होतो. वीज लागत नाही, माणूस लागत नाही, त्या काळाच्या मानाने ही अफलातून सोय होती. पण धरण भरल्यावरच ते उघडतात. हवामान खात्याने चार दिवस आधी अतिवृष्टीचा इशारा दिला तरी या दरवाजांतून आधीच पाणी सोडता येत नाही, त्यासाठी खालचे सेवाद्वार आणि वीजगृहाचा विसर्ग यांवरच भिस्त ठेवावी लागते.

उपाय कोणते आणि वाद कशावर?

२०१९ च्या पुरानंतर राज्याने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अलमट्टीच्या फुगवट्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटकात खडाजंगी चालूच आहे. तिचा आवाज इतका मोठा, की नदीकाठच्या भरावांची आणि पूररेषेतील बांधकामांची चर्चा त्यात दबून जाते. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आहे, जमिनीवर ती दर निवडणुकीला थोडी सरकते. कृष्णा खोऱ्यातील पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने प्रकल्प आखला गेला आहे. नेदरलँड्सने याच शतकात नद्यांना पसरायला जागा देण्याचा मोठा कार्यक्रम राबवला, तटबंदी मागे सरकवली, काही शेते मुद्दाम पुराला मोकळी ठेवली. तिथेही शेतकऱ्यांना हलवणे सोपे गेले नाही. कोल्हापुरात तर नदीकाठचा गुंठाही सोन्याच्या भावाचा.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. नद्यांच्या संगमाजवळच्या या गावांना १९८९ च्या पुरानंतर उंचावरच्या सोनतळीत जागा देण्यात आली. शेती आणि गोठा मात्र खालीच राहिला, त्यामुळे बरीच कुटुंबे जुन्या घरातच राहिली. पाणी वाढू लागले की आजही ट्रॅक्टरमध्ये संसार भरून, जनावरे हाकत, लोक सोनतळीची वाट धरतात. ही सोनतळी म्हणजे शाहू महाराजांच्या मुक्कामाची आवडती जागा, जुन्या कोल्हापूरकरांच्या तोंडी आजही सोनतळी कॅम्प.