महात्मा गांधींची हस्तसाधना

पोरबंदरच्या दिवाणघराण्यात २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेल्या व विलायतेत बॅरिस्टर झालेल्या मोहनदास गांधींच्या हातांना तरुणपणी लेखणीपलीकडे कशाचीच सवय नव्हती. तीही बेताचीच, अक्षर वाईट राहिल्याची खंत त्यांना पुढे कायम वाटली. दक्षिण आफ्रिकेत धोब्याचा खर्च टाळण्यासाठी त्यांनी स्वतः कपडे धुण्यास आरंभ केला, तेव्हा कॉलरला खळ इतकी झाली की ती भर न्यायालयात गळू लागली. गोऱ्या न्हाव्याने केस कापण्याचे नाकारले म्हणून कात्री हाती घेतली, तर मागची बाजू पार बिघडली. सहकारी वकील पोट धरून हसले. गांधीजींनी मात्र कात्री टाकली नाही.

जोहान्सबर्ग येथे असताना दात घासण्याच्या वेळेत, समोरच्या भिंतीवर श्लोकांचे कागद चिकटवून, त्यांनी गीतेचे १३ अध्याय कंठस्थ केले. मुखातील गीता हातांत उतरावयास मात्र अवकाश होता.

१९१० मध्ये जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर टॉल्स्टॉय फार्म वसले. जमीन त्यांचे स्नेही, वास्तुशिल्पी हर्मान कॅलनबाख यांची. तेथून शहरात पुष्कळदा पायीच जावे लागे. कॅलनबाख मारियनहिलच्या ख्रिस्ती मठात जाऊन चपला करण्याची विद्या शिकून आले व ती त्यांनी गांधीजींना दिली. चामड्यास शिवणे सवर्ण हिंदूस त्या काळी विटाळाचे वाटे. हा आपल्या समाजाचा मोठाच दोष होता. वैष्णव मातेचा हा पुत्र कातडे मांडीवर घेऊन बसला. चुकीचे कापलेले कातडे पूर्ववत होत नाही, आणि टाका वाकडा पडला तर कितीही वाक्चातुर्य तो सरळ करीत नाही. शब्दांवर चरितार्थ चालविलेल्या गृहस्थास हा गुरू कठोरच म्हणावयाचा! पुढे गांधीजींनी इतरांनाही हे काम शिकविले.

१९१३ च्या सत्याग्रहात जनरल स्मट्स मंत्री असलेल्या सरकारने त्यांना तुरुंगात घातले. तेथे त्यांनी एक चपलांचा जोड तयार केला व तो स्मट्स यांनाच भेट दिला.

चरख्याची कथा याहून विलक्षण आहे. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात चरख्याचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनी १९१५ मध्ये स्वदेशी परतेपर्यंत चरखा पाहिलाही नव्हता. गंगाबेन मजमुदार यांनी पुष्कळ शोधानंतर बडोदे संस्थानातील विजापूर येथे तो मिळविला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर गांधीजी कातावयास शिकले. पेळू ओढताना हात उतावळा झाला की सूत तुटते. रेंगाळला की जाड येते. चातीपुढे महात्मा आणि मूल सारखेच. राजकारणाची कितीही धावपळ असो, रोजचे सूत कातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

१९३० मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना ते आठवड्यास एक पत्र लिहीत. त्यांत यज्ञाचे विवरण करताना त्यांनी तिसऱ्या अध्यायातील यज्ञास शरीरश्रमाशी आणि सूत काढण्याशी जोडले. ‘अनासक्तियोग’ हा त्यांचा गीतेचा गुजराती अनुवाद त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. फलाशा सोडण्याविषयी लिहिणारा हात तोवर बारा वर्षे सूत काढीत होता, हे तो अनुवाद वाचताना ध्यानात ठेवावयास हवे.

गांधीजींच्या सत्तरीनिमित्त १९३९ मध्ये निघालेल्या गौरवग्रंथात स्मट्स यांचाही लेख आहे. तुरुंगात शिवलेल्या त्या चपला आपण अनेक उन्हाळे वापरल्या. मात्र एवढ्या थोर पुरुषाच्या पादत्राणांत पाय घालण्याची आपली योग्यता नाही, असे वाटत राहिले, हे त्यांनी त्यात कबूल केले आहे.