करपलेल्या भातापासून सोनीपर्यंत

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

गेल्या सुट्टीत देवगाव फाट्याला घरी गेलो, तेव्हा मी तोंड लपवत होतो. इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू पार फसला होता. आमच्या फाट्यावर एक काका पत्र्याच्या दुकानात रेडिओ, मिक्सर, मोबाईल, काहीही दुरुस्त करतात. दिवसभर त्यांच्यापाशीच बसायचो. तिथे मला मासारू इबुका यांची गोष्ट आठवली. सोनी कंपनीची सुरुवातही दुरुस्तीच्या दुकानातूनच झाली होती.

इबुका यांचा जन्म १९०८ साली जपानमधल्या निक्को इथे झाला. वडील लहानपणीच वारले. वासेदा विद्यापीठात असताना त्यांनी बनवलेल्या निऑन दिव्याला पॅरिसच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, पण तोशिबाच्या नोकरीच्या परीक्षेत मात्र ते नापास झाले!

१९४५ साली जपान युद्ध हरला. टोकियो जळून गेलं होतं. इबुकांनी एका मोडक्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये खोली घेतली आणि काही सहकाऱ्यांना घेऊन रेडिओ दुरुस्ती सुरू केली. साध्या रेडिओवर शॉर्टवेव्ह ऐकू येईल असं यंत्रही ते बसवून देत. त्याबद्दल पेपरात छापून आलं, ते वाचून जुने मित्र अकिओ मोरिता त्यांना येऊन मिळाले. ७ मे १९४६ ला १ लाख ९० हजार येन भांडवलावर कंपनी उभी राहिली.

पहिल्या वस्तूंपैकी एक होती भाताचा इलेक्ट्रिक कुकर. लाकडी बादलीच्या तळाशी ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोड. ओल्या तांदळातून करंट जायचा, भात शिजून सुकला की आपोआप थांबायचा. आयडिया झकास! पण भात कधी कच्चा, कधी करपलेला, अगदी आपल्या मेससारखा. कुकर फसला, इबुका थांबले नाहीत. टेपरेकॉर्डरसाठी चुंबकीय पावडर त्यांच्या लोकांनी चक्क तव्यावर भाजली आणि कागदी पट्टीवर ब्रशने लावली. १९५० साली टेपरेकॉर्डर आणि १९५५ साली जपानचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. १९५८ साली कंपनीचं नाव सोनी झालं. इबुका १९९७ साली गेले.

मी हे काकांना सांगितलं. ते हसले आणि एक बंद रेडिओ माझ्यापुढे सरकवला. दोन दिवस लागले, पण खरखर करत स्टेशन लागलं. पुढच्या इंटरव्ह्यूत, स्वतः काय केलंस, असं विचारलं तर सांगायला आता माझ्याकडे काहीतरी आहे.