फसलेल्या लशीचा शास्त्रज्ञ

साथीच्या रोगांवरील संशोधनाचा हिशेब समाज बहुधा एकाच प्रश्नाने करीत असतो. लस निघाली की नाही, एवढेच त्याला हवे असते. या कसोटीला सर फ्रँक मॅकफार्लन बर्नेट उतरत नाहीत. या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने आयुष्याची सुमारे पंचवीस वर्षे इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा माग काढण्यात घालविली, दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशाच्या सैनिकांसाठी त्या रोगावरील लस तयार केली आणि ती लस फसली. तरीही इन्फ्लुएंझाच्या लशींपैकी फार मोठा भाग आजही ज्या पद्धतीने तयार होतो तिच्या उभारणीत बर्नेट यांचा मोठा वाटा आहे. त्या रोगावरील प्रमुख औषधांचे मूळ त्यांच्याच प्रयोगशाळेतील एका निरीक्षणात सापडते. अपयशातून एवढे कसे निपजले, हे समजून घेण्यासारखे आहे. कोविडच्या साथीत लशीसाठी महिने आणि दिवस मोजण्याची सवय लागलेल्या समाजाने तर ते अवश्य समजून घ्यावयास हवे.

बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ट्रॅरॅल्गन या लहान गावी झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. मुलगा लाजाळू, एकलकोंडा आणि रानावनात फिरून भुंगेरे गोळा करण्याचा नाद असलेला. किड्यांची वर्गवारी करताना लागलेली बारकाईने पाहण्याची सवय त्यांना जन्मभर पुरली. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते मेलबर्न विद्यापीठात दाखल झाले आणि त्यांच्या विद्यार्थिदशेतच १९१८ची जागतिक साथ आली. मुंबई बंदरात ती त्या वर्षीच्या जून महिन्यात पोचली आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत तिने देशभर थैमान घातले. एकट्या हिंदुस्थानात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. ऑस्ट्रेलियाने येणारी जहाजे रोखून धरली; त्यामुळे तेथे ती १९१९च्या आरंभी शिरली. एवढा संहार करणारा हा शत्रू कोण, हे मात्र कोणासच नेमके ठाऊक नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी १८९२मध्ये रुग्णांच्या कफात शोधलेला एक जंतू रोगाचे कारण मानला जात असे. त्या जंतूच्या लशी तयार झाल्या, टोचल्याही गेल्या. पण रोगाचे कारणच चुकीचे धरले गेले असेल तर लस गुणकारी ठरणार कशी?

लस हे दुधारी शस्त्र आहे, याचा धडा बर्नेट यांना फार लवकर मिळाला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधून संशोधनाचे शिक्षण घेऊन ते मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये परतले होते. जानेवारी १९२८मध्ये क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग या गावी घटसर्पाची लस टोचलेल्या मुलांपैकी बारा मुले दगावली. देश हादरला. चौकशीचे काम हॉल इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स केलावे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे आले आणि त्यातील जंतुशास्त्रीय शोधाचा भार तरुण बर्नेट यांच्यावर पडला. दोष लशीच्या तत्त्वात नव्हता. एकाच बाटलीतून अनेक मुलांना लस दिली जात होती, बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते आणि तीत स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू शिरून वाढले होते. निष्काळजीपणा बाटली भरण्याच्या रीतीत होता. किंमत मोजली ती मुलांच्या प्राणांनी. प्रयोगशाळेतील शोध खरा असला तरी तो माणसाच्या दंडापर्यंत नेण्याची वाट स्वतंत्रपणे तपासावी लागते, हे त्या चौकशीने दाखवून दिले.

१९३२मध्ये बर्नेट पुन्हा लंडनला गेले. हॅम्पस्टेड येथील ज्या संस्थेत ते काम करीत होते, तेथेच १९३३ साली विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्रूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी इन्फ्लुएंझाचे कोडे उलगडले. रुग्णांच्या घशातील स्राव जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून त्यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्याच्या नाकात सोडला. प्राण्यांना ताप आला, शिंका येऊ लागल्या. रोगाचे कारण गाळणीतून निसटणारा विषाणू आहे, हे सिद्ध झाले. पण फेरेट पाळणे खर्चाचे आणि जिकिरीचे असते, आणि मूठभर फेरेटांच्या बळावर लस तयार करता येत नाही. विषाणू केवळ जिवंत पेशीतच वाढतो. तेव्हा स्वस्त, निर्जंतुक आणि मुबलक अशी जिवंत पेशींची खाण कोठून आणावयाची, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर कोंबडीच्या अंड्यात मिळाले. गर्भ वाढत असलेल्या अंड्यात विषाणू वाढविता येतो, हे अमेरिकेत गुडपाश्चर आणि वुडरफ यांनी १९३१मध्ये दाखविले होते. बर्नेट यांनी ही युक्ती उचलली आणि तिला शास्त्रशुद्ध पद्धतीचे रूप दिले. अंडे दिव्यासमोर धरून आतील गर्भ व रक्तवाहिन्या पाहावयाच्या, कवचाला नेमक्या जागी बारीक भोक पाडावयाचे, विषाणू आत सोडावयाचा आणि भोक बंद करून अंडे उबेत ठेवावयाचे. मेलबर्नला परतल्यावर १९३५मध्ये त्यांनी स्थानिक रुग्णांपासून मिळविलेला विषाणू अंड्यात वाढविला. गर्भाभोवतीच्या कोणत्या पोकळीत तो अधिक जोमाने वाढतो, याचा शोध त्यांनी पुढील काही वर्षे चिकाटीने घेतला. आज लस तयार करणाऱ्या कारखान्यांत यंत्रे लक्षावधी अंडी टोचतात; त्या यंत्रांचे काम मुळात माणसाच्या हाताने, एकेक अंडे उचलून, असे शिकले गेले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा १९१८ची पुनरावृत्ती होईल ही भीती सर्वच सरकारांना वाटत होती. अमेरिकेत टॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास साल्क यांनी विषाणू मारून त्याची लस करण्याचा मार्ग धरला. बर्नेट यांचा विश्वास जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूवर होता. रोग नाकातून शिरतो, तेव्हा संरक्षणही नाकातच उभे करावे, हा त्यांचा तर्क सुसंगत होता. १९४२पासून ऑस्ट्रेलियन सैन्यातील स्वयंसेवकांना अशी लस नाकावाटे देण्यात आली व पुढे प्रयोगाची व्याप्ती वाढविण्यात आली. पण अपेक्षित फळ मिळाले नाही. अडचण मूलभूत होती. अंड्यात वारंवार वाढविलेला विषाणू दुबळा होतो, पण फार दुबळा झाला तर माणसाच्या नाकात तो रुजतच नाही. कमी दुबळा राहिला तर रोग देण्याचा धोका. अमेरिकेची मृत विषाणूची लस मात्र १९४३च्या चाचण्यांत गुणकारी ठरली. अर्थात १९४७मध्ये विषाणूने रूप पालटताच तीही निष्प्रभ झाली आणि इन्फ्लुएंझाची लस पुनःपुन्हा बदलावी लागणार, हे सर्वांस कळून चुकले.

अशा पराभवानंतर परदेशातील मोठ्या संस्थेचा आश्रय घेणे स्वाभाविक ठरले असते. हार्वर्ड विद्यापीठाने १९४४च्या सुमारास त्यांना प्राध्यापकपद देऊ केले होते. बर्नेट यांनी ते नाकारले आणि त्याच वर्षी हॉल इन्स्टिट्यूटचे संचालकपद स्वीकारले. १९६५पर्यंत ते त्या पदावर राहिले. जगाच्या एका कोपऱ्यातील देशात राहूनही पहिल्या प्रतीचे विज्ञान करता येते, हा त्यांचा आग्रह होता.

या काळातच त्यांच्या हाती एक लहानसे दिसणारे निरीक्षण आले. इन्फ्लुएंझाचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतो, हे अमेरिकेतील जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१मध्ये दाखविले होते. काही वेळाने विषाणू पेशींपासून आपोआप सुटतो, हेही दिसले होते. बर्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६च्या सुमारास पाहिले की, पटकीच्या जंतूपासून काढलेल्या एका द्रवाची प्रक्रिया केलेल्या पेशींना विषाणू मुळी चिकटतच नाही. पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूला धरून ठेवणारे काहीतरी असते आणि ते तोडणारे एंझाइम पटकीच्या जंतूप्रमाणेच विषाणूपाशीही असते, हा त्याचा अर्थ होता. त्याच संस्थेतील आल्फ्रेड गॉटशाल्क यांनी या एंझाइमचे रसायनशास्त्र उलगडले आणि त्याला न्यूरामिनिडेज हे नाव मिळाले. एच १ एन १ या नावातील एन तो हाच. नव्या पिढीचे विषाणू पेशीतून सुटून पुढच्या पेशीकडे जाताना या कात्रीचा वापर करतात.

ही कात्री बोथट करता आली तर रोगाचा प्रसार शरीरातच रोखता येईल, हे सूत्र औषधापर्यंत पोचावयास अर्धशतक लागले. १९८३मध्ये मेलबर्नमध्येच पीटर कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूरामिनिडेजची त्रिमिती रचना उलगडली आणि १९९९मध्ये झानामिव्हिर व ऑसेल्टामिव्हिर ही औषधे वापरात आली. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या आणि ऑसेल्टामिव्हिर हे अवघड नाव घरोघर माहीत झाले. ही औषधे रामबाण नाहीत. लक्षणे दिसताच दोन दिवसांच्या आत घेतली तरच त्यांचा खरा उपयोग, आणि तोही आजाराचा काळ साधारण एका दिवसाने कमी करण्यापुरता. तथापि ज्या रोगावर १९१८मध्ये डॉक्टरांच्या हाती काहीच नव्हते, त्याच्या विषाणूवरच नेम धरणारे औषध मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

१९५७मध्ये बर्नेट यांनी विषाणूंचे क्षेत्र सोडून संपूर्ण संस्था रोगप्रतिकारशास्त्राकडे वळविली. विषाणूंवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना हा निर्णय रुचला नाही. त्याच वर्षी त्यांनी आपला सर्वांत महत्त्वाचा सिद्धांत मांडला. शरीरात निरनिराळ्या प्रतिपिंडांच्या पेशी आधीच तयार असतात. रोगकारक शिरला की त्याला जुळणारी पेशी निवडली जाते आणि तिचीच वंशवेल फोफावते, असे त्याचे सार होते. तो त्यांनी मुद्दाम ऑस्ट्रेलियातील एका अल्पपरिचित नियतकालिकात छापला. खरा ठरला तर अग्रक्रम मिळावा आणि चुकला तर बाहेर फारसा गवगवा होऊ नये, असा त्यामागे व्यवहारी हिशेब होता. सिद्धांत खरा ठरला. एकाच पेशीच्या वंशातून एकाच जातीचे प्रतिपिंड तयार करण्याचे तंत्र १९७५मध्ये आले ते या विचाराच्याच पायावर, आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूपासून तान्ह्या मुलांना वाचविण्यासाठी १९९८मध्ये मान्यता मिळालेले पॅलिव्हिझुमॅब हे त्याच तंत्राचे फळ आहे. बर्नेट यांना १९६०चे नोबेल पारितोषिक पीटर मेडावर यांच्यासह मिळाले, ते मात्र प्रतिकारक्षमतेतील सहनशीलतेच्या कल्पनेसाठी.

त्यांच्या थोरवीला एक काळी बाजूही आहे आणि ती आशियातील वाचकाने विसरू नये. १९४७मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याला गुप्त सल्ला दिला होता. उत्तरेकडील दाट लोकवस्तीच्या आशियाई देशांविरुद्ध वापरता येतील अशा, पिके आणि माणसे यांवर रोग सोडणाऱ्या अस्त्रांचे संशोधन करावे, असे त्यात सुचविले होते. ही कागदपत्रे १९९८मध्ये उघड झाली. विशेष हे की, याच माणसाने १९५१मध्ये लोकांचे भय घालविण्यासाठी स्वतःचे शरीर पणाला लावले होते. सशांच्या नायनाटासाठी सोडलेल्या मिक्सोमा विषाणूमुळे माणसांत मेंदूज्वर पसरला, अशी अफवा उठली होती. तेव्हा बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयन क्लुनिज रॉस यांनी तो जिवंत विषाणू स्वतःला टोचून घेतला. त्यांना काहीही झाले नाही आणि अफवा शमली. आपल्या लोकांसाठी सुई टोचून घेणारे हात शेजाऱ्यांसाठी रोग योजू शकतात. विद्वत्ता विवेकाची हमी देत नाही, हे त्यातून उघड होते.

त्यांचे भाकितही चुकले. सांसर्गिक रोगांचे भवितव्य यापुढे फारसे रोमहर्षक असणार नाही, असे त्यांनी वृद्धापकाळी लिहिले होते. रेण्वीय जीवशास्त्रापासून वैद्यकाला फारसा लाभ होणार नाही, असेही त्यांचे मत होते. ३१ ऑगस्ट १९८५ रोजी पोर्ट फेअरी येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा एड्स जगाच्या दाराशी येऊन ठेपला होता. पुढे २०२०च्या साथीत कामास आलेल्या एमआरएनए लशी रेण्वीय जीवशास्त्रातूनच जन्मल्या.

पण काळाने त्यांच्या एका पराभवाचा निकाल मात्र फिरविला. जिवंत, दुबळा विषाणू नाकावाटे देण्याची कल्पना इतरांनी नेटाने पुढे नेली आणि २०१० साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अंड्यात वाढविलेल्या अशाच विषाणूची नाकावाटे घ्यावयाची स्वाइन फ्लूची लस भारतात आणली. १९४२मध्ये जे साधले नाही ते अडुसष्ट वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्यांच्या हातून साधले. संशोधनाला पैसा देताना वर्षभरात काय निघाले, असे विचारणाऱ्या सरकारांनी आणि विद्यापीठांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. साथ आल्यावर लस मागता येते. पण ती ज्या ज्ञानातून निघते ते ज्ञान, साथ नसतानाच्या वर्षांत, फसलेल्या प्रयोगांसकट जोपासावे लागते.