दासोपंतांचा जामीनदार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, अंबाजोगाईच्या सर्वज्ञ दासोपंतांचं नाव आपल्या मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? पण नाव ठाऊक असतं आणि चरित्र विसरलेलं असतं, असं पुष्कळदा होतं. पिशोरच्या आमच्या घरी वडील दरवर्षी दत्तजयंतीच्या आदल्या रात्री ही कथा सांगायचे. आता ते नाहीत, म्हणून या अंकात मी सांगतो.

दासोपंतांचा जन्म शके १४७३, म्हणजे इ.स. १५५१ चा. गाव नारायणपेठ. वडील दिगंबरपंत देशपांडे, आई पार्वतीबाई. घराणं दत्तभक्त आणि खाऊनपिऊन सुखी. पण देशपांडेपण म्हणजे नुसता मान नव्हे. परगण्याच्या वसुलीचा सगळा भार डोक्यावर. त्या वेळी बिदरला बरीदशाही होती. पाऊस पडो न पडो, सारा भरावाच लागे.

एका वर्षी दुष्काळ पडला. रयतेच्या घरात दाणा नाही, तर सारा कुठून येणार? थकबाकी साचली आणि दिगंबरपंतांना बिदरच्या दरबारात उभं राहावं लागलं. बरोबर लहानगा दासो होता. पोराचं तेज पाहून त्यालाच ओलीस ठेवून घेतलं. महिन्याच्या मुदतीत रक्कम आली तर मुलगा परत, नाही तर त्याला स्वधर्म सोडून तिथंच राहावं लागेल, अशी अट पडली.

बापाचं काय झालं असेल, विचार करा. देशपांड्याच्या ओसरीवर एरवी माणसांची वर्दळ असते. पण दुष्काळात कोणाकडे मागणार? ज्याच्याकडे जावं तो स्वतःच बुडालेला. दिवस सरत चालले, रक्कम काही उभी राहीना.

इकडे बिदरला पोर एकटं. जेवणखर्चाला रोज एक नाणं मिळे, तेही ते दान करून टाकी, असं सांगतात. आई नाही, बाप नाही, ओळखीचं कोणी नाही. त्याच्याजवळ घरातून शिकून आलेलं दत्ताचं नाव तेवढं होतं. ते त्यानं सोडलं नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. तेव्हा दरबारात एक माणूस आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आपण दिगंबरपंतांच्या पदरचा दत्ताजी पाडेवार, असं त्यानं सांगितलं. सगळी रक्कम मोजून दिली, रीतसर पावती घेतली आणि निघून गेला. दरबारानंही शब्द पाळला, मुलाला मानानं घरी पाठवलं.

पाडेवार म्हणजे गावकीची कामं करणारा, वेशीबाहेर राहणारा माणूस. ज्याला वाड्याची पायरी चढू देत नव्हते, त्याचंच रूप देवानं घेतलं. वडील इथं आल्यावर थोडा वेळ गप्प बसायचे.

घरी आनंदीआनंद झाला. पण दिगंबरपंतांनी तर कोणालाच पाठवलं नव्हतं! मग पैसे भरले कोणी? खूण पटली. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून, देवाला अभिषेक करून मोकळा झाला असता. दासोपंतांना मात्र चैन पडेना. आपल्यासाठी जो उन्हातान्हात चालत आला, त्याला पाहिल्याशिवाय जगायचं कसं? लग्न झालेलं, घरदार भरलेलं, तरी एके दिवशी ते निघाले. मातापूरला, म्हणजे आपल्या माहूरगडावर, बारा वर्षं तप केलं. तिथून गोदाकाठी राक्षसभुवनला आले. तिथं त्यांना दत्तपादुकांचा प्रसाद झाला, अशी श्रद्धा आहे. शेवटी अंबाजोगाईला स्थिरावले.

मग सुरू झालं लिहिणं. गीतेवरचा गीतार्णव तर सव्वा लाख ओव्यांचा मानतात. कागद पुरेना म्हणून की काय, चाळीस फुटांच्या आसपास लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, त्यांनी पंचीकरण लिहून काढलं. शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीला अंबाजोगाईलाच देह ठेवला. एका पावतीचं ऋण ते जन्मभर फेडत होते, असं मला वाटतं.

आता आमच्या घरची एक गोष्ट. १९७२ चा दुष्काळ. अंजनेचं पात्र कोरडं, गोठ्यात दोन बैल उपाशी. कडबा देतो म्हणून कबूल केलेल्या दोन नातलगांनी ऐन वेळी हात वर केले. वडील बैल बाजारात न्यायला निघाले, तर वाटेत घाटाखालचा एक गाडीवान भेटला. बैलांकडे बघून त्यानं गाडीतल्या पेंढ्या उतरवून दिल्या. पैसे घेतले नाहीत, नाव सांगितलं नाही. बैल जगले, पुढच्या मिरगाला पेरणी झाली.

तो देव होता असं वडील कधी म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं बाजारच्या दिवशी ते घाटाखालच्या गाड्यांपाशी जाऊन माणसांचे चेहरे न्याहाळत. तो सापडला नाही. मग कडब्याची गंजी रचली की पाच पेंढ्या बाजूला ठेवायची त्यांनी रीत घातली. ज्याचं जनावर उपाशी, त्यानं न्याव्यात. ज्या नातलगांनी पाठ फिरवली होती, त्यांनाही एका वर्षी त्या दिल्या. तेव्हा मला वडिलांचा राग आला होता. आज येत नाही.

माणसं ऐन वेळी कमी पडतात. दर वेळी ती वाईटच असतात असं नाही, त्यांचीही कणगी रिकामी असते. म्हणून त्यांच्यावर डूख धरू नये आणि आपला प्रयत्न सोडू नये. नाम मात्र धरून ठेवावं. आणि सुटका झाली की दासोपंतांसारखं विचारावं, माझ्यासाठी कोण आलं होतं?

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.