भगवान दादांचे ‘अलबेला’आधीचे सिनेमे गेले कुठे?

भगवान दादा म्हटलं की ‘अलबेला’ आणि तो संथ, डुलता नाच आठवतो. पण त्याआधी कित्येक वर्षं ते मारधाडपटांचे हिरो होते. ते सिनेमे आज शोधूनही का सापडत नाहीत?

अमरावती ते गिरणगाव

भगवान आबाजी पालव यांचा जन्म 1 ऑगस्ट 1913 चा, नागपूरपासून साधारण दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीतला. वडील गिरणी कामगार. भगवान मुंबईत वाढले. कुस्तीचा भारी नाद. मूकपटांत छोटी कामं करत ते पुढे आले आणि 1938 मध्ये ‘बहादूर किसान’चे सहदिग्दर्शक झाले. 1942 मध्ये त्यांनी ‘जागृती पिक्चर्स’ ही कंपनी काढली.

त्यांचे स्टंटपट कमी पैशांत, झटपट बनायचे. प्रेक्षक होता कष्टकरी. प्रतिष्ठित मंडळी अशा सिनेमांना फारशी किंमत देत नसत.

तिकडे काऊबॉय वाचले, इकडे?

त्याच काळात अमेरिकेत जीन ऑट्री, रॉय रॉजर्स यांचे स्वस्तातले काऊबॉयपट, म्हणजे ‘बी वेस्टर्न’, बनत होते. त्यांनाही मान नव्हताच. पण 1950 च्या दशकात तिथल्या टीव्हीला दाखवायला सिनेमे हवे होते. त्यासाठी 16 एमएमच्या प्रती निघाल्या, त्यातल्या अनेक पुढे संग्राहकांच्या हाती लागल्या. म्हणून फारसे माहीत नसलेले वेस्टर्नही आज बघायला मिळतात.

आपल्याकडे मुंबईत टीव्ही आला 1972 मध्ये. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही 1964 चं. तोवर पटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळत होत्या, कुजत होत्या, चांदी काढण्यासाठी वितळवल्याही जात होत्या. भगवान दादांचे बरेच सुरुवातीचे सिनेमे गोदामाच्या आगीत गेले.

उरला ‘अलबेला’

1951 मध्ये गीता बाली आणि संगीतकार सी. रामचंद्र यांच्या साथीनं केलेला ‘अलबेला’ तुफान चालला. नंतरच्या सिनेमांना ते यश मिळालं नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या. 4 फेब्रुवारी 2002 रोजी दादर इथं त्यांचं निधन झालं.

त्यामुळे भगवान दादांची अर्धी कारकीर्द आज फक्त नावांच्या यादीत उरली आहे. विदर्भातल्या एखाद्या बंद टॉकीजमध्ये फिल्मचा जुना डबा दिसलाच, तर तो भंगारात देऊ नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.