Explained: पाटीवरचे ‘प्रजिमा’ म्हणजे काय? रस्त्यांच्या वर्गवारीमागे एक बॅरिस्टर

गावाकडे जाताना पाटीवर ‘प्रजिमा’ आणि पुढे आकडा दिसतो. प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग. या वर्गवारीचा माग काढला, तर तो अभियंत्यापाशी नाही, एका वकिलापाशी जातो.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १८७३ चा. मुंबई हायकोर्टातले नामवंत बॅरिस्टर. तेजबहादूर सप्रूंसोबत त्यांनी गांधीजी आणि सरकार यांच्यात मध्यस्थी केली, हे अनेकांना माहीत असते. रस्त्यांचे काम मात्र विस्मरणात गेले.

१९२७ मध्ये ते रस्ते समितीचे अध्यक्ष झाले. मोटारी वाढत होत्या, पण रस्त्यांचा भार प्रांत आणि स्थानिक संस्थांवर. त्यांच्याकडे पैसा नव्हता. हा प्रश्न देशाचा आहे, असे समितीने मांडले. १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर लागला, त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेसही याच शिफारशींतून आली.

निधी आला की कोणत्या रस्त्याला किती, हा प्रश्न आलाच. १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांनी पाच वर्ग ठरवले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, गावरस्ते. निकष रुंदीचा नव्हे, रस्ता कशाला जोडतो याचा.

म्हणून आज प्रजिमावरच्या खड्ड्याची तक्रार सार्वजनिक बांधकाम विभागाकडे करायची, ग्रामीण मार्गावरच्या खड्ड्याची जिल्हा परिषदेकडे.

जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे.