शाळा कुरणात गेली तेव्हा

जयगडच्या खाडीकाठी वाढलेल्या मुलाला भरती-ओहोटी पुस्तकाआधी ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते, भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे त्याने घरच्या होडीवर पाहिलेले असते. तेच मूल वर्गात चंद्राच्या आकर्षणाचा धडा पाठ करताना अडखळते. मुलाचे जगणे आणि धडा यांची गाठ कशी घालावी, हे ताराबाई मोडक यांनी करून दाखवले.

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण माँटेसरीची साधने महाग होती आणि बालमंदिरे शहरातल्या सुस्थित घरांपुरती राहत होती. ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. तिथे शिकण्याआधी मुलांची स्वच्छता पाहिली जाई. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने आली.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर नवी अडचण उभी राहिली. आदिवासी मुले शाळेच्या वेळी गुरे राखायला जात. त्यांना आळशी ठरवणे सोपे होते. ताराबाईंनी शिक्षकालाच कुरणात पाठवले. गुरे चरत असताना भोवतालची झाडे, पाखरे, दगड हाच मुलांचा धडा झाला. ही कुरणशाळा.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आज तिथे बालकांचे वजन होते, पोषक आहार मिळतो, लसीकरणाची नोंद राहते.

कुरणशाळेचा धडा मात्र अजून पुरता गिरवलेला नाही. जयगडच्या मुलांनी पंधरा दिवस धक्क्यावर पाण्याची खूण करावी, भरतीची वेळ लिहावी, शेजारी चंद्राची कला काढावी. मग पुस्तकातला चंद्र त्यांना परका वाटणार नाही.